डावीकडची गिटार

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव लिफ्ट कंपनीच्या ओळखपत्रावर होतं आणि ते ओळखपत्र तो बहुतेक दिवशी घरीच विसरायचा. त्याला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, आणि त्यानं शिट्टी मारली तर कुकरनं मान खाली घालावी अशी अवस्था. पण कान मात्र होता. म्हणजे तसं तो म्हणायचा, आणि एखादा माणूस तीस वर्षं एकच गोष्ट ठासून सांगत राहिला की लोक शेवटी कंटाळून ती खरी मानतात.

कामावर तरी त्यात तथ्य होतं. इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये शिरायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरला टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "बेअरिंग. अजून दोन महिने," असं तो सांगायचा आणि दोन महिन्यांनी बेअरिंग जायचं. कंपनीनं आवाज मोजायचं यंत्र घेतलं होतं, ते कपाटात धूळ खात पडलं होतं.

घरी हा कान एकाच घाण्याला जुंपलेला होता. कुठल्याशा परक्या देशातल्या चार झिपऱ्या पोरांनी पन्नासएक वर्षांपूर्वी आपली पहिली रॉकची तबकडी काढली. ती इतकी गाजली की देशोदेशीच्या कारखान्यांनी ती आपापल्या परीनं छापली. आपापल्या परीनं म्हणजे जो तो आपली अक्कल पाजळत होता. एका देशानं दोन गाणी गाळली, दुसऱ्यानं क्रम उलटापालटा केला. एका बेटावरच्या कारखान्यात टेप जरा जोरात फिरली, त्यामुळे तिथला गायक स्वतःच्याच धाकट्या भावासारखा वाटतो. एका डोंगराळ देशातल्या साहेबलोकांना गायकाच्या शर्टाची उघडी बटणं खटकली, म्हणून त्यांनी कव्हरवर ती रंगवून लावून टाकली. आणखी एकीकडे फोटोच उलटा छापला गेला आणि चौघेही डावखुरे झाले. अशा सात देशांच्या सात प्रती कानसेनकडे होत्या. शहाण्या माणसाला एक पुरते, आणि बायकोच्या मते तीही जास्तच होती.

गंमत म्हणजे या सातही प्रती तो वाजवत नसे. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण इथेच सुरू होतं. सुई फिरली की खाच झिजते, असं त्याचं म्हणणं. नवी प्रत आली की ती दोनदा ऐकायची, टिपणं काढायची आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उभी करून ठेवायची. पुढची तुलना डोक्यातल्या डोक्यात. तोंडपाठ असलेली गोष्ट पुन्हा ऐकायची कशाला?

दर शनिवारी दुपारी त्याच्या पुढच्या खोलीत मंडळ भरायचं आणि ज्यानं त्यानं आणलेल्या दुसऱ्या तबकड्या ऐकायचं. मंडळ म्हणजे कानसेन, त्याचा मेव्हणा, कोपऱ्यावरचा दंतवैद्य आणि शाळेतले भूगोलाचे सर. स्पीकर खोटं बोलतात असा कानसेनचा दावा असल्यामुळे एकच जाडजूड हेडफोन हातोहात फिरायचा. आधी कानसेन ऐकून निकाल द्यायचा आणि मग बाकीचे ऐकायचे. आधी निकाल आणि मग सुनावणी, ही पद्धत आणखी कुठे कुठे चालते ते मी सांगायला नको. इतक्या वर्षांत त्याच्या निकालावर एकदाही अपील झालं नव्हतं.

मेव्हणा फरशा विकायचा. फरशांच्या प्रदर्शनासाठी तो बाहेरदेशी गेला आणि तिथल्या जुन्या बाजारातून आठवी प्रत घेऊन आला. या देशाची प्रत निघाली होती हेच मंडळाला ठाऊक नव्हतं. मेव्हण्यानं ती दारातच कानसेनच्या हातात ठेवली आणि पहिल्यांदाच त्या घरात त्याचं जावयासारखं स्वागत झालं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, कानसेन उठला तो डाव्या कानाला दडे बसलेल्या अवस्थेत. आत बारीक सूं असा आवाज. सर्दी असेल म्हणून त्यानं दोनदा वाफ घेतली आणि कामाला गेला. स्क्रूड्रायव्हर उजव्या कानाला, फोन उजव्या कानाला. डाव्या कानाकडे तसं काही खातंच नव्हतं, त्यामुळे तो रजेवर गेल्याचं कोणाला कळलं नाही.

गुरुवारी त्यानं हेडफोन चढवला आणि आठव्या प्रतीवर सुई ठेवली. गाणारा होता, ड्रम होते. गिटार नव्हती.

आता या तबकडीत गाणारा आणि ड्रम सगळे उजवीकडे, आणि गिटार सगळी डावीकडे. त्या काळी तशीच पद्धत होती. तुमच्या लक्षात आलंच असेल. बायकोच्याही आलं असतं, पण तिला विचारतो कोण? कानसेनच्या अंगावर मात्र काटा आला. गिटार नसलेली प्रत! जगात एकमेव! दुसऱ्यांदा ऐकली, तरी नव्हती. नियमाप्रमाणे त्यानं ती पिशवीत घातली आणि लिहायला बसला.

चार आठवडे तो लिहीत होता. शनिवारच्या बैठका रद्द झाल्या. सूं वाढला, गर्दीत कोण कुठून बोलतंय ते कळेना, दोनदा तो सायकलवाल्याला आडवा गेला. त्याचं लक्ष नव्हतं. अठरा पानं झाली. कारखान्याला टेपची अर्धी बाजूच पोचली असावी, किंवा तिथल्या सरकारनं गिटार हे पोरं बिघडवणारं वाद्य ठरवून काढायला लावलं असावं, असे दोन सिद्धांत त्यात होते, आणि दुसरा त्याला जास्त आवडत होता. तबकड्या जमवणाऱ्यांचं एक परदेशी त्रैमासिक होतं. त्याच्या संपादकानं ताबडतोब कळवलं, लेख पाठवा, पहिल्या पानावर घेतो. लिफ्टवाल्याचं नाव जगभर जाणार होतं. मंडळाची सही झाली की सोमवारी टपालात टाकायचं ठरलं.

शनिवारी मंडळ भरलं. कानसेननं खडा आवाज लावून निकाल दिला, "गिटार नाही." मग हेडफोन फिरला.

दंतवैद्यानं डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. गिटार त्याच्या डाव्या कानात ठणाणा करत होती. त्यानं डोळे उघडले, कानसेनकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाहीच. दाढ काढल्यावर जीभ सारखी तिथे जाते ना, तसं होतंय."

भूगोलाच्या सरांनी ऐकलं. "त्या भागात त्या दशकात लाकडाची टंचाई होती," ते गंभीरपणे म्हणाले. "अभ्यासायला हवं."

"मला तर विकत घेतानाच संशय आला होता," मेव्हणा म्हणाला. घेताना तबकडीच्या पिशवीचं सीलही तोडलेलं नव्हतं, पण ते जाऊ द्या.

तेवढ्यात कानसेनची बायको चहाचे कप न्यायला आली. ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या फोनवर होती. रोज आठ तास कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि त्यांतून नळ कुठला ते शोधायचं, हे तिचं काम.

"ताई, तूही ऐक ना," मेव्हणा उदार होऊन म्हणाला. "इतिहास घडतोय घरात."

तिनं उभ्याउभ्याच हेडफोन लावला. अर्धा मिनिट ऐकलं. "कोण म्हणतं गिटार नाही? आहे की. डाव्या कानात नुसता धुडगूस चाललाय."

तिघेही कपांच्या तळाकडे पाहू लागले. कानसेन हसला. मोठ्या माणसानं लहान मुलाकडे पाहून हसावं तसा. "अगं, तुला सवय नाही. ते ड्रमचं घुमणं आहे."

"अहो, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच करते," ती म्हणाली. "आमच्याकडे आवाज गेला की पहिल्यांदा हेडफोन उलटा घालून बघतात. मशीन बिघडलंय की माणूस, ते लगेच कळतं. बसा इथे."

तिनं हेडफोन उलटा करून त्याच्या डोक्यावर चढवला आणि सुई परत मागे नेऊन ठेवली. एका प्रतीला दोनदाच, हा तीस वर्षांचा नियम मंडळाच्या सहीपायी आधीच मोडला होता, आता तो पार धुळीला मिळाला, पण कानसेनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो ऐकत होता. उजव्या कानात गिटार आली, सगळीच्या सगळी, तार न् तार. आणि गाणारा नाहीसा झाला.

"आता गाणाराच गेला," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "वायर सैल असेल." त्यानं वायर हलवली, प्लग काढून परत घातला. गाणारा आला नाही. बायकोनं हेडफोन काढला आणि त्याच्या डाव्या कानाशी चुटकी वाजवली. मग जोरात वाजवली. तो समोर पाहत राहिला.

"चुटकी वाजवतेय मी," ती म्हणाली.

मग ती त्या तिघांकडे वळली. "आणि तुम्हा तिघांचे कान कुठे गेले होते?"

दंतवैद्याला एक पेशंट आठवला. सरांना पेपर तपासायचे होते. मेव्हणा सख्खा भाऊ असल्यामुळे त्याला पळता येईना. "मला ऐकू येत होती गं," तो पुटपुटला. "पण भावोजी नाही म्हणाले, म्हणून मला वाटलं माझ्याच कानात दोष आहे." कानसेन त्याच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मेव्हण्याला जिना उतरताना वाटत राहिलं.

सोमवारी टपालात टाकायचं पाकीट घरीच राहिलं आणि नवराबायको कानाच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला फटकळ. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"म्हणजे परवाच्या?"

"चार आठवड्यांपूर्वीच्या."

त्यांनी दिवा खाली ठेवला. "एका कानाचं असं अचानक गेलं की धावत यायचं असतं. पहिल्या दहा-बारा दिवसांत आला असतात तर गोळ्यांनी बरंच परत आणता आलं असतं. आता देते, पण फार आशा ठेवू नका. काय करत होतात चार आठवडे?"

"लिहीत होतो," कानसेन म्हणाला.

"अठरा पानं," बायको म्हणाली. डॉक्टरीणबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "आणि तुमच्याही लक्षात आलं नाही?"

"नवरा ऐकत नाही म्हणून कोण डॉक्टरकडे येतं हो?" ती म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला.

कान मोजायची खोली म्हणजे काचेची एक पेटी होती. त्यात कानसेनला बसवलं, हेडफोन घातला आणि हातात एक बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. बाहेर यंत्रापाशी एक बाई बसल्या आणि त्यांच्या शेजारी बायको. उजव्या कानाची तपासणी झाली. मुंगीच्या पावलांएवढा आवाज आला तरी कानसेन बटण दाबत होता, आणि यंत्राच्या बाई कौतुकानं भुवया उंचावत होत्या.

मग डावा कान. कानसेननं बटण दाबलं. थोड्या वेळानं परत दाबलं. मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले, शनिवारी निकाल देताना असायचा तसा चेहरा. आणखी एकदा दाबलं.

बाईंनी माईक ओढला. "काका, मी अजून आवाज सोडलाच नाहीये."

कानसेननं डोळे उघडले. काचेतून बायको त्याच्याकडे पाहत होती. तो लाजेनं लाल झाला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कॉपी करताना पकडलं होतं, आणि तेही ज्या एका विषयात तो पहिला यायचा त्या विषयात. बायकोला त्याची इतकी दया आली की उठून आत जावंसं वाटलं. पण ती बसून राहिली.

"चला, परत करू," बाई म्हणाल्या. "जे ऐकू येईल तेवढंच."

या खेपेस त्यांनी उजवा कान मध्ये पडू नये म्हणून त्यात नुसती खरखर भरली आणि डाव्यात आवाज सोडला. बायकोला यंत्रावरचा दिवा लागलेला दिसत होता. दिवा लागायचा, विझायचा, बाई चक्री थोडी फिरवायच्या, दिवा परत लागायचा. चक्री अर्ध्यापुढे गेली. मग इतकी पुढे गेली की बंद दारातून बायकोला बाहेरही तो आवाज बारीक ऐकू येऊ लागला. कानसेन मांडीवर हात ठेवून सरळ बसला होता. अंगठा बटणावर होता आणि तो हलला नाही. चक्री संपेपर्यंत त्यानं एकदाही दाबलं नाही.

बाहेर आल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "आवाज होता?"

"होता."

"मोठा?"

खोटं बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. "बराच मोठा," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून दोघं रस्त्याला लागली. ती गोळ्यांच्या वेळा सांगू लागली, आणि त्यानं लेखाचं काय करायचं, माझ्या भावाला आज तरी फोन करा, असं बरंच काही. चार पावलांवर तो थांबला. तिच्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला गेला, उजवा कान तिच्याकडे येईल असा तिच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "हं. पहिल्यापासून सांग."