न विचारलेल्या रेघा

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो, गुन्हेगाराचा नंतर. मी तेव्हा भिलाईच्या एका ठाण्यात टीआय, म्हणजे ठाणेदार होतो. एका खासगी ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये चेन पुलीचा हुक तुटला आणि टांगलेला गिअरबॉक्स खालच्या फिटरवर पडला. माणूस जागीच गेला. मर्ग कायम केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, हुकाचे दोन्ही तुकडे सीलबंद केले.

दुसऱ्या दिवशी मुखबिर, म्हणजे आमचा खबऱ्या, खबर घेऊन आला. तिथला रिगर, म्हणजे ओझी बांधून उचलणारा कारागीर, अस्सल हुक जवळच्या कुम्हारी गावी भंगारात विकतो आणि त्या जागी नकली लावतो, अशी ती खबर होती. स्टोअर तपासलं तर तिथले सगळे हुक कंपनीच्या शिक्क्याचे निघाले. तुटलेल्यावर मात्र शिक्का नव्हता. मालक अस्सल पुरवतो, रिगर बदलतो, मला सगळं उघड दिसलं. पोलिसाला असं काही उघड दिसलं की समजावं, त्याला आता घरी जायची घाई झाली आहे.

रिगर पन्नाशीचा, मूळचा भंडाऱ्याकडचा, सेक्टर १० मध्ये वाढलेला. मेलेला फिटर त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. तरीही मी त्याला उचललं.

"हुक तूच लावला?"

"हो साहेब."

"शिक्का नाही, हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं. पण साहेब, तो..."

"हो की नाही, एवढंच बोल. अस्सल हुक कोणाला विकला?"

"नाही विकला, साहेब. माह्या बहिणीचं कुकू म्या माह्या हातानं पुसीन का?"

पुढे तो गप्पच झाला. गप्प राहणारा माणूस गुन्हेगार, असा माझा तेव्हाचा हिशोब होता.

हुकाचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवायचे तर सोबत पत्र लागतं, आणि काय तपासायचं ते त्यात लिहावं लागतं. ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या मुंशीजींकडे जुन्या एका केसचं पत्र तयार होतं. नाव आणि क्रमांक बदलून तेच पाठवलं. सगळ्या ठाण्यांत असंच चालतं. उत्तर आलं की पत्रात विचारलेले सात घटक मोजले, धातू हुकाच्या दर्जाचा नाही. मी आरोपपत्र लिहायला घेतलं.

त्याच आठवड्यात रिगरची बहीण ठाण्यात आली. रडली नाही. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, माह्या भावानं केलं असन तर त्याले सोडू नका. पण पक्कं करा. नवरा गेला, आता भाऊ बी जाऊन राहिला. चुकीनं जाऊ देऊ नका."

तिला मी खुर्चीवर बसा असंही म्हटलं नाही. पण तिचं 'पक्कं करा' घरापर्यंत माझ्या मागे आलं.

जुनवानीत आमच्या गल्लीत एक निवृत्त रसायनतज्ज्ञ मॅडम राहत. जीभ तिखट, डोकं त्याहून तिखट. मी त्यांना अहवाल दाखवला. चष्मा वर सरकवून त्या म्हणाल्या, "तुमी सात विचारले, त्यायनं सात सांगतले. मानसायले बी असंच विचारता का?"

मी ओशाळलो. दुसऱ्या दिवशी त्या मला एका कॉलेजच्या मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे कपाटाएवढं एक जुनं यंत्र होतं, ठिणगीवर चालणारं मास स्पेक्ट्रोमीटर. कॉलेजनं दोनदा भंगारात काढलं होतं, मॅडमनी दोन्ही वेळा भांडून थांबवलं होतं. काम असो नसो, दर सोमवारी येऊन त्या त्याचा पंप चालवत, कारण आत एकदा हवा आणि ओल शिरली की यंत्र बसलंच. त्यात लागणाऱ्या फोटोच्या खास काचा आता कुठे मिळत नाहीत. शेवटच्या तीन त्यांच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी होत्या.

न्यायालयाची परवानगी घेऊन, पंचांसमोर हुकाचा तुकडा कापला. त्याच्या दोन काड्या निर्वात पेटीत समोरासमोर ठेवल्या आणि त्यांच्यात ठिणगी पाडली. धातूचे कण उडतात, चुंबक हलक्यांना जास्त वळवतो, जडांना कमी, आणि प्रत्येक जण काचेवर आपल्या जागी रेघ उमटवतो. काच फोटोसारखी धुवावी लागते. याच वेळखाऊपणापायी लोकांनी हे यंत्र टाकून दिलं. पण ते कोणाची यादी मागत नाही. जे धातूत आहे ते सगळं एकदम काचेवर येतं.

"हे पाहा," मॅडम भिंगातून म्हणाल्या. "कथील. आन् ह्या दोन रेघा अँटिमनीच्या. जुने बेअरिंग भंगारात वितळवले का हे येते. हुक ठिसूळ होते. हा तं गावठी भट्टीतला ओतीव माल हाय."

मी तडक ठाण्यात आलो. रिगरला कोठडीतून बाहेर काढून चहा दिला आणि पेन खाली ठेवलं.

"आता तूच सांग. पह्यलेपासून."

त्यानं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "साहेब, आमी हुक हातोडीनं वाजवून पाहतो. चांगला खणखणते. हा बद्द वाजला. म्या मालकाले सांगतलं, हा नोको. तो म्हणे, पुरी पेटी कुम्हारीच्या भट्टीतून आली आहे, लगाना है तो लगा, नहीं तो घर जा. म्या लावला."

संध्याकाळच्या आत कुम्हारीच्या त्या भट्टीवर छापा घातला. भट्टीच्या काठाला चिकटलेला लोखंडाचा थर खरवडून सील केला. दुसऱ्या काचेवर त्याच रेघा तशाच उमटल्या. कोर्टात टिकावं म्हणून दोन्ही नमुने पुन्हा सरकारी प्रयोगशाळेत पाठवले, या वेळी कथील आणि अँटिमनी नाव घेऊन विचारलं. जुळले. चौकशीत उघड झालं, अपघातानंतर ठेकेदारानंच स्टोअरमधले नकली हुक उचलून अस्सल आणून ठेवले होते, आणि खबर देणाऱ्यालाही त्यानंच पाठवलं होतं. ठेकेदार आणि भट्टीवाला, दोघांच्या हातात बेड्या पडल्या.

मॅडमचं म्हणणं होतं की या यंत्रात काचेच्या जागी आजच्या कॅमेऱ्यातल्यासारखी सेन्सरची चकती बसवली तर हेच उत्तर मिनिटांत मिळेल. मी वरिष्ठांना तसं पत्र लिहिलं, स्मरणपत्रंही लिहिली. उत्तर आलं नाही. पण तेव्हापासून माझ्या ठाण्यातून जुनं पत्र नक्कल होऊन गेलं नाही, आणि कोणाचाही जबाब 'अजून काय?' असं विचारल्याशिवाय बंद झाला नाही.

रिगरला सोडलं त्या दिवशी त्याची बहीण ठाण्याच्या ओट्यावर बसली होती. तो तिच्यापर्यंत गेला आणि थांबला.

"आवाज बद्द होता, बाई. मले मालूम होतं. तरी लावला."

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. मी दारात उभा होतो.

"मालकाले बोलला होता तू?"

"बोललो होतो."

"मंग घरी चाल."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हजारो प्रश्न विचारले असतील. त्या बाईनं एकच विचारला, आणि उत्तर येईपर्यंत ती थांबली.