तीनशे ट्रे आणि वीस पिल्लं

चिपळूण स्टँडवर सकाळच्या सातारा गाडीत चढले तेव्हा माझ्या काखेत रोपांचा एक रिकामा, काळा प्लास्टिकचा ट्रे होता. कंडक्टरने तिकीट देण्याआधी त्याच्याकडे पाहून विचारलं, "हे काय, इडलीपात्र?" शंभरावर खळगे असलेलं इडलीपात्र कोणाच्या घरात असतं देव जाणे. पण मी मुळातच बोलकी बाई. पाटण येईपर्यंत त्याला सगळी हकीकत सांगून मोकळी झाले. तुम्हालाही तीच सांगते, कारण तिच्याशिवाय हा प्रवास कळायचा नाही.

चिपळूणजवळ माझं बी-बियाणांचं दुकान आहे. भात कापून झालं की आमच्याकडचे शेतकरी त्याच जमिनीत कलिंगड लावतात, आणि त्याची रोपं मी इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या एका रोपवाटिकेतून मागवते. गेल्या वर्षी गाडी मीच ठरवली. दुकानात बसून, फोनवर, सगळ्यांत स्वस्त मिळाली ती. त्या गाडीवाल्याने सिमेंटची पोती न्यावीत तशी ताडपत्री आवळून बांधली. माझ्या दारात ती सोडली तेव्हा आतून वाफ आली, आणि रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी माना टाकून पडलेली. माझे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक सखारामकाका समोर उभे होते. त्यांनी एक रोप उचललं, निरखून पाहिलं, परत जागेवर ठेवलं आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. त्यांचं शेत त्या हंगामात तसंच पडून राहिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

यंदा चाळीस जणांनी पुन्हा नावं दिली होती. सखारामकाकांचं नाव काकूंनी दिलं, काकांनी नाही. आता पुन्हा रोपं मेली असती तर दुकानाला कुलूप लावण्यावाचून गत नव्हती. म्हणून मी स्वतः निघाले, गाडी डोळ्यांनी पाहून ठरवायला. ट्रे घेतला तो मापासाठी.

साताऱ्याला आणि फलटणला गाडी बदलत दुपारी बारामतीत उतरले. फलटण सोडल्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या लागल्या, एकीमागे एक, ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेल्या. कोकणातल्या माणसाला एवढं सपाट आणि एवढं हिरवं एकत्र पाहायची सवय नसते. आमच्याकडे हिरवं म्हटलं की डोंगर आलाच. मला तर तिथे कोणी पदर ओढून घेतल्यासारखं उघडंउघडं वाटत होतं.

मालवाहतुकीच्या गाड्या जिथे उभ्या राहतात तिथे पत्र्याच्या शेडमध्ये दिगंबरराव बसतात. गाडीवाला आणि मालवाला यांची गाठ घालून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. मी खुर्चीत बसताच विचारलं, "चिपळूणला भाडं किती?"

"भाडं शेवटाला," ते म्हणाले. "माल काय?"

"रोपं."

"वजन?"

"टनभर तरी असेल की नाही, शंका आहे."

"मग जागा किती खातंय त्ये सांगा. हलक्या मालाला वजन इचारत न्हाईत, जागा इचारत्यात. चढवणार कोण? उतरवणार कोण? वाटंत किती टाइम टिकतंय? आन् गाडी माघारी येताना मोकळी येणार का काय घिऊन येणार?"

गेल्या वर्षी यातला एकही प्रश्न मला सुचला नव्हता. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "असे तीनशे. एकावर एक रचायचे नाहीत. वारा हवा, पण झोत नको."

दिगंबररावांनी ट्रे उलटासुलटा करून पाहिला. "रोपांच्या मांडणीच्या गाड्या असत्यात, पर त्या संक्रांतीपातूर गुतल्यात. आन् बाकीचं इचारू नगा. कारखान्याचं धुराडं पेटलं की च्यार चाकं असलेलं समदं उसाला जुपतंय. तुमी दिवाळीतच फोन करायचा."

मी हट्टाने बाहेर जाऊन उभ्या असलेल्या दोन टेम्पोंमध्ये ट्रे ठेवून माप घेतलं. एक चालक कौतुकाने पाहत म्हणाला, "रचू की ताई, एकावर एक. वरनं ताडपत्री टाकू, काय होतंय?" ताडपत्री हा शब्द ऐकून माझा पारा चढला आणि मी त्या बिचाऱ्याला नको तेवढं बोलले. माझा आवाज शेडपर्यंत गेला असावा. परत आले तर दिगंबररावांनी उसाच्या रसाचा ग्लास समोर सरकवला आणि म्हणाले, "एक माणूस हाय. भवानीनगरचं आबा. कोंबडीची पिल्लं नेत्यात. जित्या मालाची गाडी हाय. पर आबा मनाचं राजं हायत, व्हय म्हंतील का न्हाय म्हाईत न्हाय."

भवानीनगरच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून मळीचा (साखर करताना उरणाऱ्या काळ्या रसाचा) आंबट-गोड वास आला. पहिल्यांदा नाकाला पदर लावला. शेजारची बाई हसली. "आमाला तर ह्यो वास आला की घर आलं वाटतं," ती म्हणाली. आमच्या सुक्या मासळीबद्दल आम्ही हेच म्हणतो, हे आठवून मी पदर खाली घेतला.

आबा साठीचे, किरकोळ अंगाचे, अंगणात प्लास्टिकचे क्रेट धूत बसले होते. उबवणी केंद्रातून निघालेली एक दिवसाची पिल्लं ते पोल्ट्रीवाल्यांकडे पोचवतात. गाडी बंद पेटीसारखी, बाजूंना झडपा, आणि पुढे थेट चालकाच्या पाठीशी उघडणारी जाळीची खिडकी. क्रेट एकावर एक चढायचे, पण खालच्यातल्या पिल्लाच्या डोक्याला वरचा लागायचा नाही. मी काही न बोलता माझा ट्रे एका क्रेटमध्ये ठेवला. तो तळाला टेकला, आणि वर रोप उभं राहील एवढी जागा उरली. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या हातातला पाइप घेऊन दोन क्रेट धुऊनच काढले.

"न्हाय जमायचं," आबा म्हणाले.

"का? जागा आहे, हवा आहे. तुम्हाला दोन दिवस मोकळे आहेत असं दिगंबरराव म्हणाले."

"ताई, मी गाडी कानानं चालवतो. पिल्लं मागं किलबिल करत असली की समदं बरं. लई कालवा केला की समजायचं गारठली, झडपा लावायच्या. आन् गप झाली की उकडली. मग जितं हाय तितं थांबायचं. वीस वरसांत पिल्लू दगावल्यालं बोटावर मोजावं. तुमची रोपं बोलत्यात का?"

"नाही बोलत."

"मग मला कळायचं कसं? ज्येला आवाज न्हाय त्येचं भाडं मी घेत न्हाय."

मी ट्रे काखेत मारून उठले. त्यांच्या मंडळींनी मात्र मला तशी सोडली नाही. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) पुढे आला. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "वाईच खोबरं मिळेल का?" विचारल्यावर घरभर हसू पिकलं. ते पाणी सगळंच मिरचीचं नव्हतं, हे आबांना कळलं असावं. जेवता जेवता मी त्यांना सखारामकाकांबद्दल सांगितलं, रोप परत ठेवून कसे गेले ते. आबांनी नुसतं "गप गेलं?" एवढंच विचारलं. निघताना म्हणाले, "उद्या बगू."

त्या "बगू"वर भरवसा ठेवून मी वालचंदनगरला गाडी बदलून शेळगावला पोचले. वालचंदनगरच्या कॉलनीतले सरळ रस्ते, झाडांखालची क्वार्टर्स आणि सायकलवरून घरी निघालेले कामगार पाहून क्षणभर चिंता विसरले. शेळगावात रोपवाटिकेचे मालक पोपटतात्या आणि त्यांच्या पत्नी शालनकाकी वाट पाहत होते. शेडनेटच्या हिरव्या उजेडात माझी तीस हजार रोपं दोन-दोन पानांवर उभी होती, इतकी गोजिरी की मी हात लावायला घाबरले.

"गाडी ठरली का?" तात्यांनी विचारलं.

"उद्या बघू, असं ठरलं," मी म्हणाले. तात्यांनी कपाळाला हात लावला.

पहाटे उजाडायच्या आत फाटकाशी हॉर्न वाजला. आबाच! गाडीतून उतरले ते हातात एक क्रेट घेऊन. आत वीस पिल्लं, आठ-दहा दिवसांची, एकमेकांच्या अंगावर चढत ओरडणारी.

"रोपं बोलत न्हाईत न्हवं? ही बोलतील त्येंच्या वाटचं," ते म्हणाले. "जितं त्येंना बरं, तितं रोपांना बरं."

मी त्यांच्या पाया पडायच्या बेतात होते, पण शालनकाकी पुढे आल्या. रोपांना त्यांनी आदल्या संध्याकाळीच पाणी पाजून ठेवलं होतं. "निगताना पानी घालायचं न्हाय, माना मोडत्यात," म्हणत त्यांनी प्रत्येक ट्रे स्वतः क्रेटमध्ये बसवला. पिल्लांचा क्रेट बरोबर मधोमध, जाळीच्या खिडकीसमोर.

थंडी होती म्हणून झडपा अर्ध्या लावून निघालो. फलटणपर्यंत मागे नुसता गोंधळ. "गारठल्यात," म्हणत आबांनी झडपा पूर्ण लावल्या. साताऱ्याला ऊन चढल्यावर पुन्हा अर्ध्या उघडल्या. मी मात्र थांबले नव्हते. दुकान, गिऱ्हाइकं, चिपळूणचा पूर, जावेचा स्वभाव, सगळं सांगून झालं. आबा "व्हय का?" एवढंच म्हणत, पण त्यांचा एक कान माझा नव्हता.

मल्हारपेठेच्या अलीकडे उसाची ट्रॉली चाक रुतून आडवी झाली होती आणि दोन्ही बाजूंनी रांग लागलेली. दुपारचं ऊन थेट पत्र्यावर. मी माझ्या भाचीच्या लग्नाची गोष्ट रंगात येऊन सांगत होते.

"ताई, गप बसा जरा," आबा एकदम म्हणाले.

मला राग आला. तोंड उघडलं, आणि तेव्हा ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. मागे चिडीचूप होतं.

आबांनी गाडी रांगेतून काढून बांधाकडेच्या चिंचेखाली घातली. मागचं दार उघडलं तर तोंडावर गेल्या वर्षीचीच वाफ आली. पिल्लं चोच वासून, पंख पसरून बसली होती. रोपांची वरची पानं नुकती कुठे लवायला लागली होती, पण देठ ताठ होते. आम्ही दोघांनी सगळ्या झडपा उघडल्या, दाराजवळचे क्रेट सावलीत उतरवले, शेजारच्या विहिरीवरून बादली आणून पत्र्यावर पाणी मारलं. ट्रॉलीतला ऊस उतरवून घेणारे चार बाप्ये न सांगता मदतीला आले. मग मी रस्त्याच्या कडेला बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तब्बल अर्धा तास तोंड मिटून बसले. आधी एक पिल्लू बोललं. मग दोन. मग सगळी. मी चक्क रडले, आणि आबा टोपीने वारा घेत म्हणाले, "आता बोला. भाचीचं पुढं काय झालं?"

कुंभार्ली घाट उतरताना मी फक्त ऐकत होते.

दारात माणसं जमलेली होती. दार उघडलं, आणि रोपं उभी होती. एकेक जण आपापले ट्रे मोजून घेऊन गेला. सखारामकाकाही आले. एक रोप उचललं, पाहिलं, ट्रे डोक्यावर घेतले आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. आबांना पोटभर जेवू घातलं, खोबरं घालून, आणि त्यांनी ते गोड मानून घेतलं. परतीला दिगंबररावांनी सांगून ठेवलेल्या एका व्यापाऱ्याचे सुपारीचे कट्टे गाडीत चढले. पिल्लं मात्र आबा परत न्यायला तयार नव्हते. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. लई परवास झाला त्येंचा."

आठ दिवस सखारामकाकांचा फोन नाही. गप झाली की उकडली, हे आता माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. नवव्या दिवशी न राहवून त्यांच्या शेतावर गेले. काका वाकून रोपांना माती लावत होते. सगळा वाफा हिरवा, नवी पानं फुटलेली.

"काका, काही बोलला नाहीत!"

"चांगलं आहे तर काय बोलायचं?" ते वर न बघता म्हणाले. मग कंबर सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी माझे दहा ट्रे जास्ती सांग. आणि गाडी तीच आण."

घरी येऊन आबांना फोन लावला. हॅलो म्हणायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पिल्लं?" मी फोन अंगणात धरला. पलीकडे आबा बराच वेळ ऐकत राहिले.

"बरी हायत," ते म्हणाले. "आन् रोपं?"

"रोपं बोलत नाहीत आबा," मी म्हणाले, "पण सखारामकाका बोलले."