जुम्म्यानंतरचा बर्फ

दोह्यातल्या एका मॉलच्या तळमजल्यावर बर्फाचं मैदान आहे. म्हसळ्याचे इब्राहीम मुकादम सतरा वर्षं तो बर्फ राखतात. स्केटच्या पात्यांना धार लावायची, बर्फ तासून त्यावर पाण्याचा पातळ थर देणारी गाडी चालवायची आणि कॉलेजांच्या आइस हॉकी लीगच्या वेळा ठरवायच्या, ही त्यांची कामं. बर्फाबाबत त्यांना कोणी शिकवायला गेलं, तर ते आधी त्याच्या बुटांकडे बघतात.

लीगमध्ये आठ कॉलेजं. पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, आणि प्रत्येक गटाचा विजेता थेट अंतिम सामन्यात. यंदा फेब्रुवारीत लीगच्या सचिव विभावरी सोहोनी टॅबलेट घेऊन धारेच्या मशीनपाशी आल्या. त्या पुण्याच्या, इथे संख्याशास्त्र शिकवतात.

"इब्राहीमभाई, तीन वर्षांत दोन गट एकमेकांशी अठरा वेळा खेळले. सोळा पूर्वने जिंकले. पश्चिमची थेट जागा काढायचा ठराव येतोय. महिनाअखेर मतदान."

"म्हणजे फायनलला दोन्ही टीमा पूर्वच्या?"

"आकडे तेच सांगतात."

स्केटची वाट बघत उभा असलेला जियाद पश्चिम गटातल्या एका संघाचा कप्तान. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. मराठी कळत नसलं तरी 'फायनल' कळलं. त्याने इंग्रजीत विचारलं, "अंकल, आम्ही इतके वाईट खेळतो?"

"शनिवारी नाही," इब्राहीम म्हणाले. "पूर्वच्या पोरांशी खेळताना तुमचे पास लांब जातात."

बोलता बोलताच त्यांचा हात थांबला. त्यांनी खणातून वेळांची वही काढली. अठराच्या अठरा सामने शुक्रवारी दीडचे.

शुक्रवारी नमाजाआधी ते गाडी फिरवून दार लावतात. दीड तास त्या बर्फावर पाऊल पडत नाही. तो काचेसारखा कडक होतो, हॉकीची रबरी चकती सुसाट पळते. मोठ्या सामन्यांना सगळ्यात चांगला बर्फ द्यायचा, या अभिमानाने त्यांनी ती वेळ स्वतः राखून ठेवली होती. पण पूर्वचे एरवीचे सामनेही शुक्रवारीच असत, कारण त्यांच्या बसगाड्या त्याच दिवशी मोकळ्या. पश्चिमचे शनिवारी संध्याकाळी, पोराटोरांच्या गर्दीने खरवडलेल्या, ओलसर बर्फावर. तिथे पास जोरातच मारावा लागतो, आणि तीच सवय शुक्रवारच्या कडक बर्फावर नडते.

"मॅडम, चूक माझी आहे," इब्राहीम म्हणाले. "दोन गटांमधले यंदाचे उरलेले तीन सामने शनिवारी घेतो."

"म्हणजे पश्चिमला झुकतं माप?"

"तीन वर्षं पूर्वला दिलं, ते चाललं ना?"

विभावरी हसल्या. "तीन सामन्यांनी सिद्ध काहीच होत नाही, भाई."

"मग अठरांनी तरी काय झालं? सगळे एकाच बर्फावर."

विभावरींनी टॅबलेटवर अठरा सामन्यांच्या तारखा पुन्हा तपासल्या आणि वेळा बदलायला होकार दिला.

पहिला सामना पश्चिमने जिंकला, दुसरा बरोबरीत सुटला. तिसरा जियादचा संघ एका गोलने हरला. हरल्यावर त्याने हेल्मेट बाकावर आदळलं. इब्राहीमनी ते उचलून त्याच्या हातात दिलं. "आदळू नको, भाड्याचं आहे."

मतदानाच्या बैठकीत पूर्वच्या एका प्रशिक्षकाने आवाज चढवला, "शेवटी ते जिंकले एकच ना!"

इब्राहीमनी वही टेबलावर ठेवली. "साहेब, या वेळा मी लावल्या. कोणाला विचारलं नाही. दोन्ही गटांना दोन्ही बर्फ मिळू दे. वर्षभराने हा ठराव परत आणा, मी स्वतः हात वर करीन."

विभावरींनी आकडे मांडले, मत मागितलं. पाच विरुद्ध तीन. थेट जागा राहिली, आणि पुढच्या मोसमाच्या वेळा आलटूनपालटून लावायचं काम इब्राहीमकडेच आलं.

जियाद दाराबाहेर उभा होता. "खलास?" त्याने विचारलं.

"जागा आहे. पण गटात तुम्ही अजून दुसरे. परवा पहिल्याशी मॅच आहे," इब्राहीम म्हणाले. "स्केट दे इकडे, डाव्या पात्याची धार गेलीय."