केस कापताना बोला, दाढी करताना ऐका

कात्रीमामाने संशोधन संस्थेच्या संचालकांच्या गळ्याला वस्तरा लावून त्यांच्याकडून 'हो' वदवून घेतलं, अशी कुजबुज एके काळी सगळ्या बाजारात होती. काही जण तर मामाने नेमके कोणते शब्द वापरले तेही सांगत. सांगणाऱ्यांतले निम्मे त्या सकाळी दुकानात नव्हतेच. उरलेले होते, पण वर्तमानपत्रात तोंड खुपसून. तरी सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. बाजार म्हटला की असं चालायचंच.

मामा म्हणजे तीन खुर्च्यांच्या सलूनचा मालक. कात्रीपेक्षा त्याची जीभ जास्त चाले, म्हणून हे नाव. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा दुसऱ्यांदा नापास झाला, ही खबर घरच्यांच्या आधी मामाकडे असायची. आरशावर त्याने एक पाटी लावली होती : 'केस कापताना बोला, दाढी करताना ऐका.' एक गिऱ्हाईक वस्तऱ्याखाली सासऱ्याला शिव्या देता देता हनुवटी कापून घेऊन गेलं होतं, तेव्हापासूनची ही पाटी. सासऱ्याचं काय झालं तेही मामाला ठाऊक होतं, पण तो विषय वेगळा.

त्याच्याकडे धूळवाले डॉक्टर यायचे. हे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत, संस्थेत धुळीचा अभ्यास करणारे. डोक्यावर म्हणाल तर कानांच्या वर झालरीपुरते केस. मामाच्या बायकोचा, म्हणजे मामीचा, खोकला त्यांना दुकान आणि घर यांच्यामधल्या पडद्याआडून ऐकू आला. डॉक्टरांनी इतकंच विचारलं, की वहिनी झोपतात कुठे आणि खिडकी कोणत्या बाजूला उघडते. खिडकी उघडत होती खडी फोडायच्या कारखान्याच्या रस्त्यावर. अंथरूण मागच्या खोलीत हलवा, केरसुणीआधी ओलं फडकं फिरवा, असं त्यांनी सांगितलं. खोकला पार गेला असं नाही, पण दोन वर्षांत पहिल्यांदा मामी रात्रभर सलग झोपली. मामाला तर शांततेची सवय राहिली नव्हती. बायको खोकत का नाही म्हणून तोच दचकून उठायचा.

पुढे डॉक्टरांनी वर्तमानपत्रात सांगितलं, की कारखान्याची ही बारीक धूळ पोरांच्या छातीत बसते. कारखान्याचा मालक संस्थेच्या समारंभात पहिल्या रांगेत बसणारा. झालं. वर्तमानपत्रात, सभेत, शाळाकॉलेजात एक अवाक्षर काढायचं नाही, काढलंत तर नोकरी गेली समजा, असा डॉक्टरांना संचालकांकडून निरोप मिळाला. घरी आई अंथरुणाला खिळलेली, दोन मुलं शिकणारी. डॉक्टर गप्प झाले. सलूनमध्येसुद्धा आरशात बघत बसायचे, आणि बघण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

मामाला ते बघवेना. तो म्हणाला, "सभेत नको, शाळेत नको. ही खुर्ची आहे ना? पाटी वाचा आणि बोला."

मग दर रविवारी सकाळी डॉक्टर केस कापायला बसू लागले आणि बाकावर कॉलेजची पोरंपोरी जमू लागली. डॉक्टरांनी त्यांना एक काम दिलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर व्हॅसलीनचा हात फिरवायचा, पुठ्ठा आठवडाभर खिडकीत ठेवायचा आणि रविवारी घेऊन यायचा. मग भिंगातून कोणाच्या घरात किती धूळ आली ते बघायचं. व्हॅसलीन अर्थात मामाचं. मामा हवेत कात्री वाजवत उभा राहायचा, कारण कापायला काही नसायचं. मामी पडद्याआडून म्हणायची, "अहो, एवढ्या टकलाला दोन तास? मुळं मोजताय का?"

असं किती दिवस लपणार? गावातली प्रत्येक बातमी ज्या दुकानातून बाहेर पडायची, त्याच दुकानात ही गोष्ट गुप्त ठेवायची होती. चाडी गेलीच. एका रविवारी दारात संचालकसाहेब स्वतः उभे राहिले.

त्यांचा फोटो पेपरात यायचा, त्यामुळे सगळ्यांनी ओळखलं. बाकावरचे पुठ्ठे पटापट मांड्यांखाली गेले, ते सगळे व्हॅसलीनची बाजू वर करून. डॉक्टर नुकतेच आले होते, बाकाच्या टोकाला नंबर लावून बसलेले. साहेब रिकाम्या खुर्चीत बसले, म्हणाले, "दाढी." मामाने त्यांना डोळ्यांपर्यंत फेस लावला.

तेवढ्यात पडदा सरकवून मामाची मुलगी बाहेर आली. अकरावीतली, जीभ बापावर गेलेली. तिला खुर्चीत नुसता फेस दिसला. कोण आहे ते कळायला काही मार्ग नव्हता. मामा डोळे वटारत होता, पण तो एरवीही वटारायचा. तिने पुठ्ठा डॉक्टरांपुढे धरला.

"काका, या वेळी मागच्या खिडकीतसुद्धा एवढी धूळ आली. म्हणजे आईला आता कुठे झोपवायचं?"

'मला काय विचारतेस' एवढं म्हणून डॉक्टरांना सुटता आलं असतं. मामा मनात म्हणत होता, म्हणा, डॉक्टर, तेवढंच म्हणा. डॉक्टरांनी भिंग काढलं, पुठ्ठा उजेडाला धरला.

"तू विचारलंस, तर सांगायला हवं," ते म्हणाले, आणि बोलू लागले. वारा फिरलाय, म्हणून आता मागची खिडकीही दुपारपर्यंत बंद ठेवायची. आईला तिथेच राहू दे. कारखाना बंद पाडायची गरज नाही, खडीवर पाणी मारलं आणि ट्रकवर ताडपत्री टाकली तरी निम्मी धूळ घरात येणार नाही. पोरं हळूहळू मांड्यांखालचे पुठ्ठे काढू लागली.

साहेबांनी मान हलवली नाही. हलवणार कशी? डॉक्टरांचं संपायच्या आत मामाचा गाल संपला, म्हणजे साहेबांचा. साहेब तोंड उघडणार, तोच मामाने पुन्हा ब्रश फिरवला. "हनुवटीखाली राहिलंय, साहेब." काही राहिलं नव्हतं.

शेवटी तुरटी फिरली, टॉवेल निघाला. साहेब उठले आणि बाकापाशी गेले. डॉक्टर उभे राहिले. आता दुसरी नोकरी शोधायची, असाच त्यांचा हिशेब झाला होता. साहेबांनी मुलीच्या हातातला पुठ्ठा घेऊन बराच वेळ पाहिला.

"माझी नात रात्री खोकते," ते म्हणाले. "आमची खिडकी त्याच रस्त्याला आहे."

डॉक्टरांनी त्यांनाही तेच सांगितलं, त्याच आवाजात. ओल्या फडक्यासकट.

पुढचा आठवडाभर मामा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला संस्थेची खबर विचारत राहिला. मग कळलं, की दर रविवारी संस्थेचं वाचनालय पोरांसाठी उघडं राहणार आणि बोलणार धूळवाले डॉक्टर. पेपरात काही द्यायचं असेल तर आदल्या दिवशी मला वाचायला द्या, एवढंच साहेब म्हणाले. कारखान्यावर पाणी मारायला सुरुवात झाली. ताडपत्री अर्ध्याच ट्रकांवर आली. उरलेल्यांसाठी पोरं अजून पुठ्ठे लावतात.

मामाच्या दुकानातली रविवारची गर्दी ओसरली. तो दुकान मुलाकडे सोपवून वाचनालयात पहिल्या रांगेत जाऊन बसायचा आणि मध्येच बोलायचा. डॉक्टर मात्र तिथे जायच्या आधी झालर कापायला त्याच्याकडेच यायचे. एकदा म्हणाले, "कोणी बोलू देत नव्हतं तेव्हा तुम्ही जागा दिलीत, मामा."

मामाने कापड झटकलं. "आमच्या घरात रात्री आवाज नसतो, डॉक्टर. ते तुमच्यामुळे. मी नुसती खुर्ची दिली."

राहता राहिली वस्तऱ्याची गोष्ट. साहेब दाढी करायला बसले होते आणि दाढी गळ्यावरही असते, म्हणून वस्तरा गळ्याला लागला. मामाने त्यांच्याकडे काहीही मागितलं नाही.