मेल्यावर हसायचं असतं

हाँगकाँगच्या पोलिसांनी आणि गुंडांनी मिळून फुंग याउ-चोईला जितक्या वेळा ठार केलं, तितक्या वेळा दुसऱ्या कुणाला केलं नसेल. पडद्यावर, अर्थात. तो जिन्यावरून गडगडत मेला, मासळीबाजारातल्या बर्फात तोंड खुपसून मेला, एकदा तर महजाँगच्या सोंगट्यांचा डाव अगदी हातातोंडाशी आलेला असताना मेला. नायक दोन हातांत दोन पिस्तुलं घेऊन हवेत झेपावणार, त्याचा कोट फुगणार, कॅमेरा संथ होणार, पण समोर कुणी नीट पडलंच नाही तर त्या सगळ्या थाटाला काय अर्थ? ते पडण्याचं काम चोईचं. उभ्या आयुष्यात त्याच्या वाट्याला एक वाक्य आलं नाही, आणि त्यानंही कधी मागितलं नाही.

या धंद्यात मरणाऱ्याचे नियम मात्र कडक. ‘कट’ झालं की आधी डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे यमाला कळतं की ही थट्टा होती. मग शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट घ्यायचं, आणि त्यातले पैसे त्याच दिवशी, घरी जायच्या आत, गोडावर उडवायचे. मरणाचे पैसे दाराच्या आत न्यायचे नाहीत. परदेशात शिकून आलेले, देवाला हात न जोडणारे दिग्दर्शकही इथे मुकाट्यानं मान तुकवतात.

चोईची बायको बिक-वान याबाबतीत पोलिसांपेक्षा कडक होती. ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची आणि चोईच्या आधी घरी यायची. तो आला की दाराच्या लोखंडी जाळीच्या आतूनच विचारायची, “खर्चलेस?”

“खर्चले.”

“दाखव.”

मग तो बेकरीचा खोका वर धरायचा. खोबऱ्याचे दोन टार्ट, ठरलेले. तेव्हा कुठे कुलूप निघायचं.

“आज कुणी मारलं?”

“पोलिसांनी.”

“तोंडावर मारायला सांगायचं. थोडं तरी बरं दिसलं असतं.”

असा त्यांचा संसार. वाईट नव्हता. लोकांना याहून कमी मिळतं.

गेल्या थंडीत बिक-वान इस्पितळात होती. डॉक्टर म्हणाले होते, सुधारतेय. चोई त्या दिवशी एका गोदामात मेला, हसला, पाकीट घेतलं, आणि तेवढ्यात मुलीचा, हेई-मानचा, फोन आला की आईचा श्वास लागलाय. तो तसाच धावला. वाटेत बेकरी होती, उघडीही होती. तो थांबला नाही. कोण थांबलं असतं?

बिक-वाननं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. “खर्चलेस?”

“खर्चले,” तो म्हणाला.

“मग माझा टार्ट?”

“तिथेच खाल्ला. दोन्ही खाल्ले.”

ती हसली. “हावरट,” म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही, आणि उजाडायच्या आत गेली.

चोई रडला नाही. अंत्यविधीला लोक येऊन फोटोपुढे वाकत होते, तो उलट वाकून आभार मानत होता. जागच्या जागी, शूटिंगच्या खुणेवर उभा राहिल्यासारखा. परलोकात तिला मिळावं म्हणून कागदाचं घर, कागदाची मोटार, कागदाची इस्त्री भट्टीत टाकतानाही त्याच्या तोंडावरची रेष हलली नाही. हेई-माननं केसांत सुतकाचं, पांढऱ्या लोकरीचं फूल खोवलं होतं. ती बराच वेळ बापाकडे बघत होती, आणि शेवटी तिला राहवलं नाही.

“बाबा, तुला काहीच वाटत नाही का रे?”

चोईनं खरंच आत चाचपून पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. खोटं बोलून एकदा काय झालं ते त्यानं पाहिलं होतं.

“मग वाटेल त्या दिवशी ये माझ्याकडे. तोवर नको येऊस.”

मुलगी वाईट नव्हे. तिची आई गेली होती, आणि बाप भिंतीसारखा उभा होता. तिनं आणखी काय म्हणायचं?

ते पाकीट चोईच्या छातीच्या खिशात तसंच राहिलं. वेळ गेल्यावर खर्चून काय उपयोग, म्हणून खर्चलं नाही. फेकवेना, म्हणून फेकलं नाही. शर्ट बदलला की हात आपोआप ते पाकीट नव्या शर्टात घालायचा. तो भात शिजवायचा, खायचा, ताट धुवायचा. चव कशी होती असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. बिक-वान आपल्यामुळे गेली असंही तो मनात म्हणून बघायचा, पण तेही नुसतं शब्दांसारखं वाटायचं.

उन्हाळ्यात त्याला पुन्हा मरायचं बोलावणं आलं. शामशुईपो वस्तीतल्या जुन्या इमारतीची गच्ची, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी. दिग्दर्शक यिपचा हट्ट असा की पिस्तुलं दिसायचीच नाहीत. फक्त चादरींना एकामागून एक भोकं पडतील, आणि शेवटी एक म्हातारा अंगरक्षक चादर ओढून घेत खाली येईल.

चोई पडला, आणि असा पडला की आवाज आला नाही. छातीवरची लाल रंगाची पिशवी फुटली, चादर सावकाश त्याच्या अंगावर आली. यिप स्वतः टाळ्या वाजवत उठला. “कट! चोईदादा, कमाल केलीत. हसा आता.”

चोई हसला नाही. हललाही नाही.

चादरीखाली बरं होतं. उजेड पांढरा होता, गच्ची उन्हानं तापलेली होती. उठायला हरकत काहीच नव्हती. फक्त उठावंसं वाटत नव्हतं.

“दादा?” इन्स्पेक्टर झालेला नट जवळ आला. “लागलं का? अहो, हसा ना. नाहीतर खरंच मी मारलं असं व्हायचं.”

“त्याचा नेमच भिकार,” गुंडांचा म्होरक्या झालेला नट म्हणाला. “दादा झोपलेत वाट बघून.”

लोक हसले, आणि मग कुणी हसेना. श्वास चालू होता, ते दिसत होतं, पण तेवढ्यावर निभावणार नव्हतं. मेलेला हसल्याशिवाय कॅमेरा जागचा हलवायचा नाही. ऊन उतरत होतं आणि पुढचा शॉट याच उन्हात हवा होता. तरी यिपही ‘पुढे चला’ म्हणेना. त्यानं फक्त लोकमावशीकडे पाहिलं.

लोक हे मावशीचं आडनाव. ती कपडेपट सांभाळायची, आणि लाल पाकिटंही तीच वाटायची. ती गुडघे धरत खाली बसली आणि चादर बाजूला केली. चोईचे डोळे उघडेच होते. रंगानं भिजलेल्या शर्टाची बटणं काढताना तिच्या बोटांना खिशातलं ते लागलं. तिनं बाहेर काढलं. पाकीट आधीच लाल, आता भिजून काळपट झालेलं. पण ते तिनंच भरलं होतं, कडेला तारीखही तिच्याच हातची, तिला ओळखू आलं.

“हे थंडीतलं,” ती हळू म्हणाली. “गोदामातलं. चोई, हे तू खर्चलं नाहीस?”

“बेकरी उघडी होती,” चोई म्हणाला.

“मग?”

“मी थांबलो नाही. तिला म्हटलं, खर्चले. तिनं टार्ट मागितला, मावशी. मी म्हटलं, खाल्ला.”

एवढं बोलला आणि त्याचा ओठ वाकडा झाला. एक बाजू वर गेली, एक खाली आली, हनुवटी थरथरायला लागली. घशातून जो आवाज निघाला तो त्यानं कुठल्याच सिनेमात काढला नव्हता. यिपनं टोपी काढली. इन्स्पेक्टर आणि म्होरक्या एकमेकांशेजारी मान खाली घालून उभे राहिले.

“हसत नाहीयेत ते,” कॅमेऱ्यावरचा माणूस कुजबुजला. “रडतायत.”

“तोंड हललं ना?” लोकमावशी त्याच्यावर खेकसली. “मेलेल्याचं हलतं का? चालेल. लाव तुझा कॅमेरा.”

तिनं चोईच्या हातात आजचं पाकीट ठेवलं, आणि भिजलेलंही. “जा. दोन्ही उडव. तोंड नंतर धू, आधी जा.”

बेकरीतल्या बाईनं ओल्या लाल नोटा पाहिल्या, त्याच्या शर्टाकडे पाहिलं, आणि काही न विचारता खोका बांधायला घेतला. या भागात शूटिंग नेहमीचंच.

हेई-मान राहते ती इमारत तिथून लांब नाही. चोईनं घंटी वाजवली. मुलगी जाळीच्या आत उभी राहिली. शर्टावरचा रंग, सुजलेले डोळे, हातातला खोका, तिनं सगळं नीट बघून घेतलं. लहानपणापासून दारातलं हे सारं तिनं आईच्या मागे उभं राहून पाहिलं होतं. कुलपाला हात न लावता ती म्हणाली,

“खर्चलेस?”

“खर्चले,” चोई म्हणाला. “तेव्हाचेही.”