टर्बो सगळ्यात शेवटी

उत्तर जपानातल्या हिरोसाकीत ज्याला गाडीचं वेड आहे, तो हिवाळ्यासाठी दुसरी गाडी ठेवतो. डबडी, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने सडली तरी हळहळ वाटू नये अशी. चांगली गाडी पहिल्या बर्फाआधी ताडपत्रीखाली जाते. कासाई मोरिओकडेही अशी जोडी होती.

मोरिओ सफरचंदांच्या गोदामात प्रतवारी करायचा. लग्न झालं नाही, दारू जमली नाही. आपल्या जुन्या टर्बो गाडीला मोठा टर्बो बसवायचा, एवढंच त्याचं मागणं. मी सावागुचींच्या गॅरेजात कामाला. तिथे तो यायचा.

"आधी टर्बो घेतात ते मूर्ख," तो म्हणायचा. खरंच होतं ते. मोठा टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो. मग पेट्रोल कमी पडतं, क्लच घसरतो, इंजिन तापतं. म्हणून तो बाकीचं सगळं आधी करून घेणार होता. बोनस उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, दर बोनसला एक वस्तू. रेडिएटर झाला. क्लच झाला. पंप झाला.

मग एका वर्षी बागांवर गारा पडल्या आणि बोनस निम्मा झाला. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मागवून झालेले. मोरिओने हिवाळ्याची गाडी विकली.

"बर्फात काय चालत जाणार?" सावागुचींनी विचारलं.

"हीच चालवीन. एका हिवाळ्याचा तर प्रश्न आहे."

"गंज धरू नये म्हणून खालून काळा लेप तरी मारून घे."

"लेपाने ताकद वाढते का, मालक?"

"नाही. पण मला झोप लागेल."

एकाचे चार हिवाळे झाले. तो गाडी धुवायचा, पण वरून, आरशासारखी चकचकीत होईपर्यंत.

टर्बो आला तेव्हा मोरिओने तो शेजारच्या सीटवर पट्टा लावून आणला. आम्ही गाडी उचलायच्या लिफ्टवर चढवली. सावागुचींनी चौकटीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचा चुरा त्यांच्या टोपीवर पडत राहिला.

"वेल्ड करा," मोरिओ म्हणाला.

"कशाला जोडू? धरायला लोखंड तर पाहिजे. आता ही सरकारी तपासणीत पास होणार नाही."

"इंजिन चांगलं आहे."

"इंजिन फार चांगलं आहे."

"दुसरा सांगाडा मिळाला तर?"

"हल्ली त्यांच्या किमती बघितल्यास? पंधरा बोनस जातील तुझे. तोवर मी नसेन, मोरिओ."

मोरिओ बराच वेळ गाडीखाली उभा होता. वर नवा क्लच, नवा पंप, सगळं जागच्या जागी.

उन्हाळ्याचा बोनस झाला त्या दिवशी तो सवयीने आला, बसने. आमच्यासाठी थंड कॉफीचे डबे आणले होते.

"या वेळी काय घ्यायचं?" त्याने विचारलं.

सावागुचींनी हातातलं काम सोडलं नाही. "बूट घे. हिवाळ्यात चालायचंय तुला."

मोरिओने मान डोलावली. मग रिकाम्या लिफ्टकडे पाहत बसून राहिला. त्याच्या हातातला डबा कोमट झाला, तरी त्याने तो उघडला नव्हता.