टेकडीवरची सेनिरुसी

वुनीकुरा गावात कासवं हाकेला येतात. बायका कड्यावर रांगेनं उभ्या राहून गाणं धरतात आणि खालच्या पाण्यातून कासव डोकं वर काढतं. यात नवल कसलं? ती आपल्याच घरच्या बायका आहेत. फार पूर्वी वाईतोगाच्या कोळ्यांनी इथल्या प्रमुखाच्या बायकोला आणि लेकीला खडकावर शिंपले वेचताना पकडून होडीत कोंबलं. समुद्र असा खवळला की विचारू नका. कोळी मागे वळून बघतात तर बायकांच्या जागी दोन कासवं. पाचावर धारण बसली आणि त्यांनी दोघींना पाण्यात सोडून दिलं. तेव्हापासून वाईतोगाचं एक जरी माणूस कड्याजवळ असलं, तरी कासव वर येत नाही.

आणि आमच्याच गावच्या इसिकेलीनं लग्न करून आणली ती नेमकी वाईतोगाची सेनिरुसी.

लग्नानंतर पहिल्यांदा गाणं ठरलं, तेव्हा सासू कालेसी तिच्याजवळ आली. कालेसी म्हणजे रांगेच्या पुढे उभी राहणारी, गाणं उचलणारी बाई. ती उगाच खालची चटई सारखी करत बसली. सेनिरुसीनंच खुरपं उचललं आणि म्हणाली, "आत्याबाई, टेकडीपलीकडच्या मळ्यात तण फार माजलंय. मी जाऊन येते."

तेव्हापासून तीस-एक वर्षं तिचा हाच नेम. गाणं ठरलं की ती टेकडी चढून पलीकडे जायची, कंद खणायची, चटयांसाठी केतकीची पानं कापून आणायची. तिच्या चटया प्रमुखाच्या घरात अंथरल्या जायच्या, पण ज्या कासवांसाठी गावाचं नाव होतं त्यातलं एकही तिनं पाहिलं नव्हतं. नणंद अलुमिता चिडवायची, "निघाली गं चोरांची पोर! लांब जा, आमच्या कासवाला शिंका येतील."

"जाते बाई," सेनिरुसी म्हणायची. "तुम्ही सगळ्या मिळून घसा फोडता तेव्हा कुठे ते येतं. मी एकटी, नुसती उठून गेले की काम होतं. मग मोठी कोण?"

हे ती हसण्यावारी न्यायची, पण मनापासून मानायची. कासवाच्या येण्यात आपलाही वाटा आहे, यावर तिचा पक्का विश्वास होता. माझं विचाराल तर तिचा वाटा सगळ्यात मोठा होता. गाणं काय, कुणीही शिकतं.

मग कालेसीचा आवाज गेला आणि तिनं आपल्या जागी नातीला, म्हणजे सेनिरुसीच्या तोरिकाला, उभं करायचं ठरवलं. गावात कुजबुज सुरू झाली. अलुमिता तर भर स्वयंपाकघरात, नारळ खवता खवता म्हणाली, "मुलगी गुणाची आहे, मी नाही म्हणत नाही. पण अर्धं रक्त तिकडचं. मागे राहून साथ देणं वेगळं, पुढे उभं राहणं वेगळं. कासव आलं नाही तर?"

"नाही आलं तर ती यापुढे आईबरोबर टेकडीवर जाईल," कालेसी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तिच्या लेकीही जातील. आणि आलं, तर पुन्हा कुणी रक्ताचा विषय काढायचा नाही."

सेनिरुसी चुलीपाशी बसून हे ऐकत होती. स्वतःचं टेकडीवर जाणं तिनं हसत सोसलं होतं. लेकीचं तिला सोसणार नव्हतं.

तोरिका पहिल्यांदा पुढे उभी राहणार होती, तो दिवस नव्या प्रमुखाला गादीवर बसवायचा होता. बेटाबेटांवरून पाहुणे लोटले होते. सेनिरुसी सकाळीच टेकडीवर गेली. खालून तोरिकाचा आवाज आला, स्वच्छ, न थरथरता. मागून सगळ्या बायकांनी साथ धरली. गाणं एकदा संपलं, पुन्हा सुरू झालं. कासव दिसलं की गर्दी ओरडते. ओरडा होईना. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा साथीचे आवाज मलूल झाले होते, एकटी तोरिका तेवढी नेटानं गात होती.

सेनिरुसीच्या हातातलं खुरपं गळून पडलं. जिवाची तगमग होऊन ती टेकडीच्या माथ्यावर धावली आणि तिथून तिला कड्यापलीकडची खाडी दिसली. कांदळवनात फांद्या टाकून लपवलेली एक होडी. लाल काठाची, एका अंगाला कललेली. ती होडी तिच्या बापाची होती आणि आता ती तिचा भाऊ राटू चालवायचा.

तिला सगळं कळलं. भाचीचा मोठा दिवस, आणि मामा घरी कसा बसणार? एवढ्या गर्दीत आपल्याला कोण ओळखतंय, म्हणून गाढव टोपी ओढून कुठेतरी मागे बसला असणार!

खाली जावं तर वाईतोगाच्या एका माणसाची दोन व्हायची. हाक मारावी तर त्याहून वाईट. आपल्यात वयात आलेली बहीण भावाशी बोलत नाही, त्याच्यासमोर बसत नाही, त्याचं नाव तर तोंडातही आणत नाही. लहानपणानंतर सेनिरुसी आणि राटू एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. आणि खाली बेटावरचे सगळे मानकरी बसले होते.

तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"राटू! ए राटू! ऊठ तिथून! वर ये मेल्या, माझ्या पोरीचा जन्म नासवू नकोस!"

वारा खाली वाहत होता. शब्दन् शब्द पोचला. कड्यावर गाणं थांबलं आणि हशा उसळला. पाहुण्यांच्या शेवटच्या ओळीतून एक धिप्पाड माणूस उठला आणि मान खाली घालून टेकडी चढू लागला. पोरंटोरं त्याच्या मागे हुर्यो करत होती. तोरिकानं मात्र वर पाहिलंही नाही. तिनं हसणाऱ्या बायकांकडे एकदा वळून बघितलं, त्या गप्प झाल्या, आणि तिनं गाणं पहिल्यापासून उचललं.

राटू धापा टाकत माथा ओलांडून आला आणि रिवाजाप्रमाणे बहिणीकडे पाठ करून बसला. तीही पाठ करून बसली. दोघं ऐकत राहिली. गाणं पहिल्या कडव्यावरून दुसऱ्यावर गेलं.

आणि ओरडा झाला. असा, की मळ्यातले पोपट उडाले. मग पुन्हा एकदा, आणखी मोठा. अलुमिताचा आवाज त्या सगळ्यांच्या वर चढला होता. "दोन! दोन आली गं! मोठं आणि लहान!"

सेनिरुसीला रडू आवरेना. उरात मावणार नाही एवढा अभिमान वाटत होता आणि तो लपवायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

राटूनं नाक पुसलं. बहिणीशी थेट बोलायचं नाही म्हणून समोरच्या नारळाला म्हणाला, "अरे झाडा, विचार बरं तिला. ती खाली पुढे उभी राहून गाते, ती कुणाची पोर?"

तिनंही झाडालाच सांगायला हवं होतं. पण ती उठली, वळसा घालून भावाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "माझी."